गार बिल्ला

कुणावर अन्याय नको म्हणून मासेमारीच्या जागा दर सोमवारी मडक्यातून नंबर कोरलेले पितळी बिल्ले काढून ठरत. तरी खाडीच्या तोंडाची, सगळ्यात भरपूर मासळीची एक नंबरची जागा सलग पाच वेळा मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांच्या जावयालाच लागली. "नशिबाला काय हा एकटाच दिसतो?" सगळा गाव ज्यांना वहिनी म्हणे, त्या धुसफुसायच्या. त्यांची स्वतःची नाव दोन महिने जेमतेम टोपलीभर मासळी आणत होती.

सहाव्या सोमवारी त्या बाह्या सरसावून पुढे घुसल्या. "आज आधी मी काढणार." सगळा गाव बघत होता, अध्यक्षांना नाही म्हणता येईना.

मडक्यात हात घालताच वहिनी चपापल्या. एक बिल्ला बर्फासारखा गार होता. म्हणजे बर्फाच्या पेटीत ठेवून आणायचा आणि जावयाने चाचपून तोच उचलायचा! चोरी सापडली होती, आता फक्त बोंब मारायची बाकी होती.

वहिनींनी गार बिल्ला मुकाट बाहेर काढला. एक नंबर! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या सोमवारी त्या मागेच उभ्या राहिल्या. अध्यक्ष स्वतः मडकं घेऊन त्यांच्यापाशी आले.

"घ्या वहिनी, आधी तुम्ही."

वहिनींनी हात घातला. बिल्ला गारच होता.