बोर्डासमोर नीट दिसायचं

विक्कीने आईच्या हातातली इस्त्री हिसकून भिंतीवर आदळली. रंगाचा मोठा पोपडा खाली आला.

"हेच नडलं ना मागच्या खेपी! कडक साडी, वेणीफणी, अन् वरतून दुखण्याची गोळी! ताठ चालत गेली डॉक्टरांच्या बोर्डापुढं. तीस टक्के लिवले त्यानं. चाळीसच्या खाली काय भेटते? घंटा! आज गाऊनवरच चाल, नंदिनी."

इंदूबाईंनी पोराच्या थोबाडीत ठेवून दिली. "भिकाऱ्यावानी जायची का माही पोरगी? तुह्या आज्यानं धम्माची दीक्षा घेतली तवा एकच धोतर होतं घरी. ते बी धुऊन नेसून गेला होता."

"आज्याले नोकरी नव्हती पाहिजे!"

पलंगाचा कठडा धरून उभ्या असलेल्या नंदिनीला दोघांचाही गळा दाबावासा वाटत होता. कन्हानच्या पुलावर तिला ट्रकने उडवल्याला चार वर्षं झाली. हाड जुळलं, पण कमरेतली शीर बिनसली ती बिनसलीच. कंबरेपासून टाचेपर्यंत कुणी तापती सळई फिरवावी तसा पाय जळायचा. एका शाळेच्या कार्यालयात बसून करायची एक जागा अपंगांसाठी राखीव होती. ती द्यायला मुख्याध्यापिका तयार होत्या, पण चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला आठवड्यात हवा होता. कपड्याच्या दुकानातली उभ्याची नोकरी तर केव्हाच गेली होती.

तिने हातातला स्टीलचा गिलास विक्कीवर भिरकावला. तो त्याच्या खांद्याला लागून दारापर्यंत गडगडत गेला.

"चूप बसा दोघंही! साडी नेसतो मी. पन गोळी नाही घेत."

दवाखान्यात पोचेपर्यंत घामाने तिचं पोलकं भिजलं. तपासणीच्या खोलीत डॉक्टर एकटाच बोलत होता, बोर्डावरचे बाकीचे दोघे सह्या करत होते. विक्की आणि इंदूबाई दाराशी थांबले होते. माणूस दुष्ट नव्हता, घाईत होता. पण घाईतला माणूस दुष्टाइतकंच नुकसान करतो आणि रात्री छान झोपतो.

त्याने तिला टेबलावर आडवं केलं, टाच धरली आणि पाय वर नेला. नंदिनी किंचाळली.

"मागच्या वेळी तर आरामात गेला होता."

"तवा गोळी खाल्ली होती, सायेब."

"एमआरआयमध्ये एवढं काही नाही, ताई. टापटीप येता, अन् टेबलावर झोपलं की नाटक सुरू?" असं म्हणत त्याने पाय पुन्हा ओढला, या वेळी झटका देऊन.

नंदिनीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती उठून कधी बसली तिचं तिला कळलं नाही. तिच्या चपराकीने डॉक्टरचा चष्मा कपाटावर जाऊन फुटला. टेबलाजवळच्या शिपायाने तिला दंडाला धरून खाली खेचलं. ती कमरेवर आपटली आणि गुरासारखी ओरडली. विक्कीने शिपायाच्या तोंडावर ठोसा हाणला. टेबल कलंडलं. बाहेरचे दोघे शिपाई धावत आले आणि त्यांनी विक्कीला पालथा पाडून त्याच्या पाठीत गुडघा रोवला.

मग सगळी खोली डॉक्टरभोवती गोळा झाली.

"लागलं का, सर?"

"जास्त दुखून राहिलं का?"

"बसा, सर, बसा. पाणी आन रे!"

गाल धरून डॉक्टर खुर्चीत बसला होता. त्याचे डोळे भरून आले होते. त्याचा एमआरआय काढा असं कुणी म्हटलं नाही. किती टक्के दुखतंय, हे कुणी विचारलं नाही. दुखतं म्हणाला आणि सगळ्यांनी ऐकलं. फरशीवर पडल्या पडल्या नंदिनी हे बघत होती. तिला त्या माणसाचा इतका हेवा वाटला, की रडू फुटलं.

एक बाई पाण्याचा गिलास घेऊन लगबगीने आत आली. दाराशी उभ्या इंदूबाईंनी तो तिच्या हातातून ओढून घेतला. जन्मात त्यांनी कुणा साहेबापुढे आवाज चढवला नव्हता. निम्मं पाणी त्यांच्या कडक साडीवर सांडलं.

"पयले माह्या पोरीले!" त्या ओरडल्या आणि फरशीवर बसून त्यांनी नंदिनीचं डोकं मांडीवर घेतलं.