पाच पायांचा हत्ती

खेळण्यांच्या कारखान्यात रंगारीकाका सगळ्यात जुने आणि सगळ्यात वाह्यात. चाकांवरच्या हत्तीचं नवं डिझाइन ग्रुपवर पडलं होतं. ग्रुपमध्ये इकडची पाच माणसं आणि समुद्रापलीकडच्या इंजिनिअर मॅडम. भाषांतर आपोआप व्हायचं. पाच वाजता मॅडम 'साचा कापा' म्हणणार, की संपलं, मग काही बदलता येणार नाही!

"काका, नमुन्याचं चाक खटकन निघतंय हो," डिझाइनवाली ताई रडवेली झाली. "पोराच्या घशात जाईल."

"मग लिही की ग्रुपवर!"

"साहेबांनी पास केलंय. परक्यांसमोर त्यांना खोटं पाडू? शिवाय सगळ्यांनी अंगठे दिलेत. मीसुद्धा."

साहेबांच्या मेसेजला अंगठा द्यायचा, हा इकडचा नमस्काराइतका पाळलेला रिवाज. मॅडम बिचाऱ्या ते अंगठे मंजुरी म्हणून मोजायच्या.

काकांचे डोळे लुकलुकले. "चित्र दे इकडे."

त्यांनी हत्तीला पाचवा पाय जोडला आणि चित्र साहेबांना पाठवलं. 'फायनल, साहेब.' न बघता पुढे ढकलण्यात साहेब पटाईत. हत्ती ग्रुपवर आला. टपाटप चार अंगठे! ताईचाही पडला. हाताला सवयच तशी.

मॅडमनी विचारलं, "पाचवा पाय कशासाठी?"

मग साहेबांचं उत्तर आलं, "मजबुतीसाठी."

पुन्हा चार अंगठे.

काका टेबलाखाली वाकून पोट धरून हसले. वर येऊन त्यांनी लिहिलं, "मॅडम, आमचा अंगठा म्हणजे 'साहेब, मेसेज बघितला', एवढंच. मनातलं हवं असेल तर प्रत्येकी एक चूक काढायचा हुकूम सोडा. हुकूम आम्ही मोडत नाही."

मॅडमनी सोडला.

पॅकिंगवाल्याने लिहिलं, "खोक्यात सोंड मावत नाही." सुताराने लिहिलं, "कान लगेच तुटतील." शेवटी ताईनेही लिहिलं, "चाक निघतं. मूल गिळेल."

पाचला दहा कमी होते. मॅडमचं उत्तर आलं, "साचा थांबवा."

साहेब तरातरा काकांच्या टेबलाशी आले. "पाचवा पाय कुणी लावला?"

"मी लावला, साहेब. पास तुम्ही केलात."

साहेबांनी चष्मा पुसला आणि तिथेच उभ्याउभ्या ग्रुपवर लिहिलं, "चाकाचं मीच सांगणार होतो."

टपाटप चार अंगठे पडले. पहिला काकांचा.

जरा वेळाने पाचवाही पडला. समुद्रापलीकडून.