ऑल्डरहमची यादी

ऑल्डरहम गावाचा आणि तिथल्या जहागिरीचा इतिहास छापून आला, तेव्हा माझ्या नातीनं, ॲश्लिननं, तो दोह्यात, अल सद्दच्या आमच्या फ्लॅटवर मागवला. त्या जहागिरीच्या मोठ्या घरात माझा नवरा कामिल नऊ वर्षं कुक होता. दोह्यातल्या त्याच्या इंग्रज साहेबानं रिटायर होताना त्याला सोबत आपल्या त्या घरी नेलं. मी इथं मुलाकडे राहिले. कामिल तिथंच वारला. मला व्हिसा मिळेपर्यंत त्याला गावच्या चर्चच्या आवारात पुरलंही.

ॲश्लिन वाचून सांगत होती. कोणत्या राजानं जमीन दिली, कुठल्या वारसानं कुरणं जुगारात घालवली, तबेल्यातल्या घोड्यांची नावं. घरच्या सहा कुत्र्यांच्या कबरींचे दगडसुद्धा शेवटी दिलेल्या कबरींच्या यादीत होते.

"आता माणसांकडं ये," मी म्हटलं.

तिनं शेवटची पानं दोनदा चाळली. "नॅना, ग्रँडपा इज नॉट हिअर."

"आडनावानं बघ, परेरांत."

"आय डिड."

पुस्तकवाल्यांनी दगड वाचून यादी केली होती, आणि कामिलवर दगड नव्हता. साहेबानं लाकडी क्रूस लावून विचारलं होतं, दगड कसा हवा? मीच नको म्हणाले. आमच्या वसईत कबर कायमची नसते. काही वर्षांनी चर्चची नोटीस येते, घरचे जातात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. मला वाटलं, तिकडूनही नोटीस येईल, मग त्याला घरी आणीन. अकरा वर्षं मी त्या नोटिशीची वाट बघत होते.

ॲश्लिननं चर्चला ईमेल केला. चार दिवसांनी तिथल्या बाईंचं उत्तर आलं. दफनाच्या वहीत नाव आहे, जागेचा नकाशा नाही. क्रूस कुजला असावा, सगळीकडे गवत आहे. साहेब गेले, घराचं हॉटेल झालं, सांगणारं कोणी उरलं नाही. आणि कबरी आम्ही उघडत नाही, तशी पद्धत नाही.

"म्हणजे नोटीस कधी येणारच नव्हती?"

ॲश्लिन माझ्याकडे न बघता म्हणाली, "दे कॅन पुट अ स्टोन नाऊ, नॅना. समव्हेअर नाइस."

"कुठंही? दुसऱ्या कोणाच्या छातीवर तुझ्या आजोबांचं नाव ठेवू?"

तिची बोटं लॅपटॉपवर थांबली. बाई उत्तराची वाट बघत असतील, असं ती इंग्रजीत म्हणाली.

"बघू देत वाट."