दगडाबाईंच्या भिंतीलगतचे भोक

मित्रांनो, मी एक जुने गिरमिट आहे. सुताराचे नव्हे, जमिनीत खोल भोक पाडणारे. सोलापूरच्या एका वर्कशॉपात माझा पोलादी दांडा घडला, खाली पिळाचे पाते बसले, वर बाभळीची मूठ. पुष्कळ वर्षे मी शेताशेतांतली माती वर काढून दिली. मग इंजिनावर चालणारे यंत्र आले आणि मी माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात जाळी-जळमटे अंगावर घेऊन उभा राहिलो.

मला पुन्हा बाहेर काढले संघप्रियाताईंनी. त्या जमिनीतला वायू तपासतात. नळदुर्गला हायवेलगत एक पेट्रोल पंप बंद पडला होता. ती जागा शिवलिंग यांनी ढाब्यासाठी घेतली होती. मागच्या भिंतीपलीकडे दगडाबाईंचे घर. त्यांच्या घरात पेट्रोलचा वास येई, सुनेला चक्कर येई. म्हणून नगरपरिषदेने तिथे भोके पाडून तपासणी करण्याची परवानगी दिली. अट एकच: प्रत्येक भोक त्याच दिवशी तळापासून बुजवायचे. यंत्राच्या ठिणगीने पेट्रोलची वाफ पेटली असती, म्हणून मला नेले.

सकाळची भोके नीट झाली. ताई नळीने खालचा वायू बाटलीत ओढून घेत आणि पाण्याने फुगणारी माती ठासून भोक बंद करत. शेवटचे भोक भिंतीलगत होते. मी फिरत खाली गेलो आणि एकाएकी अडलो.

“खडक लागला. जोर लावा की मॅडम!” शिवलिंग म्हणाले.

ताईंनी मूठ सोडली नाही, पण फिरवलीही नाही. “हा खडक नाही, शिवलिंगभाऊ. लोखंड आहे. पंपाचा पाइप राहिलाय खाली.”

“समदे पाइप काढलेत म्हून सांगितलं हुतं मला!”

माझ्या पात्याचा काठ त्या गंजलेल्या पाइपात रुतला होता. मला आत पेट्रोल हलताना जाणवत होते. वर ताईंचे वायुमापक किंचाळू लागले. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे काटक्या मोडल्याचा आवाज आला.

“मावशी, चूल पेटवू नका!” ताई ओरडल्या. पण हायवेवरून ट्रक धडधडत चालला होता. पलीकडे काहीच ऐकू गेले नाही.

शिवलिंग भिंतीवर चढले आणि पलीकडे उडी टाकली. मला फक्त आवाज येत होते. भांडे पडले. मग दगडाबाई रागावल्या, “आरं, काडेपेटी का हिसकायलास?”

“काकू, आदी भाईर चला! सूनबाई, तुमीबी!”



मला ओढून काढले असते तर पाइप फाटला असता. ताईंनी माझा दांडा उलटा फिरवून पात्यापासून सोडवला. पाते खालीच राहिले. शिवलिंग परत आले ते गुडघे खरचटून. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि ती फुगणारी माती कालवू लागले. दोघांनी मिळून भोक काठोकाठ ठासले. मापक हळूहळू शांत झाले.

पुढे अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली पाइप उकरून काढला. माझे पाते त्यात रुतून बसलेलेच होते. गंजलेल्या पाइपाचा पापुद्रा तेवढा उरला होता. तो फुटायला आणखी एक फेरा पुरला असता.

जमिनीतला वायू निघून गेल्यावर ताई दगडाबाईंच्या घरात मापक घेऊन फिरल्या. चुलीजवळ बराच वेळ थांबल्या. दारात शिवलिंग उभे.

“आता लावू का गं बाय?” दगडाबाईंनी विचारले.

“लावा, मावशी.”

चूल पेटली. सुनेने शिवलिंगांसाठीही चहा टाकला.

मित्रांनो, जमिनीला भोक पाडण्याआधी परवानगी घ्या आणि निघण्याआधी ते बुजवा. भिंतीपलीकडे कुणीतरी चूल पेटवायला बसलेले असते.