वरचीचं वीजबिल

काकू बाजारात शिरल्या की भाजीवाले आपोआप तराजू नीट धरायचे. त्यातून बरोबर 'वरची' असली तर विचारायलाच नको. वरची म्हणजे काकूंच्या गच्चीलगतच्या खोलीत राहणारी भाडेकरू. समुद्रापलीकडून आलेली, इथल्या एका शाळेत पोहायला शिकवणारी. तिचं खरं नाव गल्लीत कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून ती वरची.

त्या दिवशी टोमॅटो घेताना भाजीवाल्याने तिला सरळ दुप्पट भाव सांगितला. मागून येणाऱ्या काकूंनी तो ऐकला मात्र, त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"काय रे, परकं माणूस दिसलं की तुझा भाव चढतो होय? तिच्याकडे काय पैशांचं झाड आहे? तुझ्यामाझ्यासारखी पगारावर जगते ती. लाज कशी वाटत नाही रे तुला?"

भाजीवाल्याने निमूटपणे नेहमीचा भाव लावला, वर मूठभर मिरच्या टाकल्या. परतताना वरचीने काकूंच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "रिक्षावाला जास्त घेतो. दूधवाला जास्त घेतो. तुम्हीच एकट्या जास्त घेत नाही, काकू."

रस्ता चांगला सपाट होता, तरी काकूंना ठेच लागली.

कारण काकूही घेत होत्या. वरच्या खोलीला वेगळा मीटर होता आणि त्याचं बिल वरची भरायची. ती राहायला येण्याआधीच काकूंच्या यजमानांनी वायरमनला बोलावून पाण्याची मोटर आणि खालचा गीझर गुपचूप त्या मीटरवर टाकून घेतला होता. काकूंनी तेव्हा कुरकुर केली होती, नाही असं नाही. पण "अगं, तिच्या देशात एवढ्या पैशांत एक कप कॉफी येते," असं यजमान म्हणाले आणि काकूंना ते पटलं. स्वतःचं बिल निम्म्यावर आलं की माणसाला काहीही पटतं.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी काकू वाळलेल्या चादरी काढायला गच्चीवर गेल्या. वरचीचं दार सताड उघडं होतं. ती मानेवर ओला टॉवेल टाकून फरशीवर बसली होती. पंखा बंद. फ्रिजचं दार मिटू नये म्हणून मध्ये एक चप्पल अडकवलेली, आणि आत काही म्हणता काही नाही.

"वीज गेली का गं?"

"नाही. मी बंद केली." चोरी पकडल्यासारखी वरची उठून उभी राहिली. "शाळेतल्या दुसऱ्या बाई दोन खोल्यांत राहतात. त्यांचं बिल माझ्या निम्मं. म्हणून मी आधी फ्रिज बंद केला. मग पंखा. तरी बिल मोठंच. आईला फोनवर सांगितलं, मी इथे येऊन उधळी झाले." तिने मान खाली घातली. "काकू, तुम्हाला सगळ्यातलं कळतं. माझं काय चुकतं?"

तेवढ्यात खाली यजमानांनी मोटर लावली. भिंतीतून घरघर ऐकू येऊ लागली. वरचीने तिकडे लक्षही दिलं नाही. आत्ता सांगावं, आत्ताच, असं काकूंच्या अगदी ओठांवर आलं.

"उन्हाळ्यात येतंच जास्त," असं म्हणून त्या तरातरा जिना उतरल्या. निम्म्या चादरी दोरीवरच राहिल्या.

खाली येऊन त्यांनी आधी मोटर बंद केली. "आजच्या आज वायरमनला बोलवा," त्या यजमानांना म्हणाल्या.

"आणि तिला काय सांगणार? गल्लीभर बोभाटा होईल. बाजारात एवढा तोरा मिरवतेस, तिथे तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

हे खरं होतं. आणि त्या घामाने निथळणाऱ्या पोरीच्या आधी आपल्याला बाजार आठवला, याची काकूंना स्वतःचीच किळस आली.

शेवटी त्यांनीच वायरमनला गाठलं आणि वरची शाळेत गेलेली असताना तारा काढून घेतल्या. यजमान म्हणाले, "झालं ना? आता बिल आपोआप उतरेल. तोंड मिटून बस." काकू बसल्याही काही दिवस. पण वरची रोज तशीच घामेजलेली जिना उतरायची, त्यांना बघून हसायची, आणि काकू घाईने दार लोटून घ्यायच्या.

एका संध्याकाळी मनाचा हिय्या करून त्या वर गेल्या. तर खोलीत आणखी एक परदेशी मुलगी. शाळेत नुकतीच लागलेली, इथल्या भाषेचा एक शब्द येत नसलेली.

"ही फार घाबरते," वरची म्हणाली. "म्हणते, इथे सगळे फसवतात. मी म्हटलं, आधी काकूंना भेट."

परत फिरावं असं काकूंना वाटलं. पण आज फिरले तर पुन्हा हा जिना चढणं होणार नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. दारातच उभ्या राहून त्या म्हणाल्या, "तुझं काही चुकत नव्हतं. आमची मोटर आणि गीझर तुझ्या मीटरवर होते. आम्हीच जोडले होते. मला पहिल्यापासून माहीत होतं. आता तारा काढल्यात. तुझे पैसे मी परत देईन."

वरचीला बोलणं समजायला जरा वेळ लागायचा. जसजसं समजत गेलं तसतसं तिच्या चेहऱ्यावरचं हसू विरत गेलं. नवी मुलगी तिची बाही ओढून काहीतरी विचारू लागली. वरची तिच्याकडे वळून दोघींच्या भाषेत थोडकंच बोलली.

त्या मुलीचा चेहरा एकदम खुलला. ती उठली आणि काकूंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन हलवू लागली.

"काय सांगितलंस तिला?" काकूंनी विचारलं.

"की तुम्ही तिला खोली शोधून द्याल."

"आणि मी आत्ता बोलले ते?"

"तिला इथे राहायचं आहे. आल्या आल्या कसं सांगू?" वरचीचा आवाज जराही चढला नव्हता. "त्या दुपारी मी तुम्हाला विचारलं होतं, काकू. तुम्ही म्हणालात, उन्हाळा."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर काकूंनी त्या मुकाट ऐकून घेतल्या असत्या. पण वरचीने वाकून फ्रिजच्या दारातली चप्पल काढली. नवी मुलगी अजून हात सोडत नव्हती, तोंड भरून हसत होती. काकूंना तो हात सोडवून घेता येईना, आणि मान वर करून तिच्याकडे बघताही येईना.