जखमेचा दोष मला देऊ नका

होय, मीच बोलतेय, सगुणाच्या उजव्या हाताची कातडी. आणि आधीच सांगते, मी नाजूक वगैरे अजिबात नाही.

सगुणा मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे विकते. तिच्या लहानपणापासून मी बर्फात, खाऱ्या पाण्यात, खवल्यांत वावरतेय. कोलंबीने मला ओरबाडलं, शिंगाळा माशाच्या काट्याने भोसकलं. सगुणा चिंधी गुंडाळायची आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायला मोकळी! मागे मी एकटी निस्तरायची. जंतू मारायचं औषध मी स्वतःच बनवते. आत शिरलेल्याला मी तिथेच गाडत आले, कधी शाबासकी मागितली नाही.

मग यंदा काय बिघडलं? ऐका.

सगुणाचा मुलगा दर्शन मालवाहू जहाजावर खलाशी आहे. त्याचं जहाज कुठल्याशा परदेशी बंदरात अडकवून ठेवलंय आणि त्याचे फोन बंद झालेत. दुसरी आई धाय मोकलून रडली असती. पण ह्या घराची रीत अशी, की माणूस दर्यावर असताना त्याच्याबद्दल भीतीचा शब्द उच्चारायचा नाही. तो अपशकुन.

सून नम्रता एकदा म्हणाली, "आई, ह्यांचं काही बरंवाईट..."

"नाय गो! असां बोलू नये. येईल तो," सगुणाने तिला तिथेच गप्प केलं.

झालं. दोघी जेवायला बसायच्या आणि ताटातलं चिवडत राहायच्या. झोप तर दोघींचीही उडालेली.

अहो, गिळलेली भीती जाते कुठे? शरीरातच राहते ना! शरीराला वाटतं, संकट दारात उभं आहे. मग ते काळजीचं रसायन रक्तात सोडतच राहतं आणि माझं काम मंदावतं. मी कोरडी पडले, मला भेगा गेल्या, औषध पुरेसं बनेना. माझं हत्यार काढून घ्यायचं आणि वर मलाच लढायला उभं करायचं, हा कुठला न्याय?

त्यात पुन्हा शिंगाळ्याचा काटा लागला, नेहमीसारखाच. पण ह्या वेळी बोट टरारून सुजलं, पू धरला. शेजारची तुळसा म्हणाली, "सगुणा, वय झालां गो. हातात दम नाय राह्यला."

दम नाही? माझ्यात? मला असा संताप आला म्हणून सांगू!

हळद लावून झाली, चुना लावून झाला. सूज तळहाताकडे सरकली, तेव्हा नम्रताने सगुणाला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पू काढला, साखर तपासली. साखर ठीक होती. "उशीर केलात. सूज उतरली नाही, तर बोट काढावं लागेल," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "झोप लागते? कसली काळजी आहे का?"

"छे! कसली काळजी?"

"खोटां सांगतायत!" नम्रता ओरडलीच. दर्शनचं सगळं तिने रडत रडत सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सततच्या काळजीने कातडीची ताकद कमी होते, जखम लवकर भरत नाही. गोळ्या नेमाने घ्या. पण मनातलं बोलायलाही हवं."

परतताना रिक्षात सगुणाने डाव्या हाताने नम्रताचा हात धरला. मग म्हणाली, "मला भ्या वाटतां गो, नम्रता. लय भ्या वाटतां."

"मला पण, आई."

दोघी हुंदके देऊन रडल्या. रिक्षावाला रिक्षा हळू चालवत राहिला.

दर्शनचा फोन अजून आलेला नाही. पण घरात आता त्याचं नाव निघतं, भीतीसकट निघतं. सगुणाला थोडी झोप लागते. सूज उतरू लागलीय, जखमेच्या कडा मी एकमेकींकडे ओढतेय. तुम्हीही, बाबांनो, भीती गिळून माझ्या माथी मारू नका. माणसांशी बोला.

जंतूंनो, तुम्ही या खुशाल. दर्शन घरी येईल तेव्हा त्याच्या तोंडावरून फिरायला त्याच्या आईची पाचही बोटं जागेवर असतील. एकही देणार नाही मी.