सांडू सरांचे उणे मार्क

मला शिकवायला बोलावणाऱ्यांनी आधी माझ्या रागाची चौकशी करायला हवी होती. वाळूजच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. दर रविवारी बजाजनगरच्या वाचनालयात बारा शिक्षकांना गिट नावाचं सॉफ्टवेअर शिकवत होते. गिटवर सगळ्यांनी आपापले पाठ एका ठिकाणी ठेवायचे, कोणीही दुरुस्ती सुचवायची, आणि कोणी काय बदललं याची नोंद राहते. ते पाठ मग इंटरनेटवर सगळ्यांना खुले.

सगळ्यांत वडील सांडू सर. पैठणजवळच्या गावातून एसटीनं यायचे. पहिला पाठ त्यांनीच टाकला, टक्केवारीचा. झकास लिहिला होता. उदाहरण गावच्या धरणाचं: पाणीसाठा चाळीस टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर गेला, म्हणजे साठा दहा टक्क्यांनी वाढला. कोणी काही बोललं नाही. मीही नाही, कारण चुका शोधण्याचा पगार घेऊनही मला त्यातली चूक दिसली नव्हती.

निशाला दिसली. ही आमच्यातली सगळ्यांत नवी शिक्षिका, नोकरीला दोन वर्षं झालेली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मेघा मॅडम, चाळीसमध्ये दहा वाढले म्हणजे पाव वाढ झाली. पंचवीस टक्के. पण सरांचं मी कसं खोडू?"

"खोडू नकोस, सुचव," मी म्हणाले, आणि तिच्याकडून ते करवूनच घेतलं.

पुढच्या रविवारी ती दुरुस्ती मी सगळ्यांसमोर पडद्यावर लावली. जुनी ओळ लाल, तिच्याआधी उणे चिन्ह. नवी ओळ हिरवी, तिच्याआधी अधिक. सांडू सर खुर्चीतून उठले.

"उणे? किती मार्क कापले म्हणायचे?"

सगळे हसले. तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल पेन चालवलेला माणूस, तो दुसरं काय समजणार? मी सांगितलं, मार्कांचा काही संबंध नाही, लाल म्हणजे जुनं, एवढंच. सर पडद्याजवळ गेले. दोन्ही ओळी वाचल्या, तोंडातल्या तोंडात हिशेब केला आणि त्यांचा चेहरा पडला.

"बरोबर हाय. मीच चुकलो. पण ही लाल ओळ अशीच राहणार का? लोकायला दिसणार?"

"कोणी शोधलं तर दिसणार. नोंद राहतेच, सर."

"काढून टाका."

"नाही काढत."

"मंग माझं नाव काढा, पाठ बी काढा. एवढ्या उमरीत तमाशा नको."

इथं मी जीभ आवरायला हवी होती. "चुका झाकायच्या असतील तर गिट शिकायला येता कशाला?" मी ताडकन बोलले. सरांनी पिशवी उचलली आणि ते निघून गेले.

"माझ्यामुळं झालं," निशा रडवेली होऊन म्हणाली. तिच्यामुळं काहीच झालं नव्हतं. बिचाऱ्या माणसाला मी चारचौघांत उघडं पाडलं होतं आणि वर उपदेश केला होता. आठवडाभर मला माझीच लाज वाटत राहिली. शेवटी ठरवलं, सर आले तर माफी मागायची, आणि म्हणतील तर नोंदही पुसून द्यायची. ते जमतं, फक्त मी कोणाला सांगत नाही.

रविवारी दहाच्या वर्गाला सर आले नाहीत. अकरा वाजले. मी लॅपटॉप उघडला, तर सकाळीच त्यांच्या नावानं एक बदल आलेला. निशाची दुरुस्ती त्यांनी ठेवली होती आणि पाठाच्या शेवटी एक परिच्छेद घातला होता. मी तो मोठ्यानं वाचायला लागले.

'हा हिशेब मी तीस वर्षं चुकीचा शिकवला. निशाबाईंनी चूक दाखवली. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांनो, जिथं असाल तिथं सुधारून घ्या. तुमच्या लेकरांना चुकीचं सांगू नका.'

वाचून झाल्यावर मी लॅपटॉप निशासमोर सरकवला.

तेवढ्यात सर दारात. "गाडी लई लेट झाली."

"सर, मी त्या दिवशी..."

"राहू द्या, मॅडम." ते सरळ निशाकडं गेले आणि पिशवीतून हातानं लिहिलेले कागद काढले. "माझे अजून चार पाठ हायेत, निशाबाई. गिटवर टाकायच्या आधी बघता का जरा?"

निशानं माझ्याकडं पाहिलं.

"बघते, सर," ती म्हणाली, आणि शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली.